वेगवान शिंगरू हाती आलंय, पुढं काय?

शहादा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. गेल्या दत्तजयंतीला त्यानं सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कुमेत रंगाचं नर शिंगरू घेतलं. विकणाऱ्यानं वय वीस महिने सांगितलं, आई मारवाडी आणि बाप 'रेसचा' असंही सांगितलं. आता ते शिंगरू रस्त्यानं मोटरसायकलच्या बरोबरीनं पळतं. ब्लॅक कॅव्हिअर या ऑस्ट्रेलियन घोडीबद्दल त्यानं वाचलंय, २५ शर्यती आणि २५ विजय. त्यावरून तो विचारतो, की अशा घोड्याची कारकीर्द घडते कशी, आपलं शिंगरू मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पळू शकेल का, आणि शर्यतीला कधीपासून उतरवावं?

मी पशुवैद्य आहे. उमेदीची बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या रेसच्या तबेल्यांत गेली, आता धुळे-नंदुरबार पट्ट्यातच काम करतो. त्यामुळे दोन्हीकडचे घोडे आणि दोन्हीकडचे मालक जवळून पाहिलेत.

दादा, महालक्ष्मीचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही. तिथं पळू शकणार नाही. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर फक्त थरोब्रेड जातीचे, स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, नोंद असलेले घोडे पळतात. ही नोंद पुण्यात ठेवली जाते. आई आणि बाप दोघंही नोंदलेले हवेत, शिंगराची नोंद लहानपणीच ठरलेल्या मुदतीत झालेली हवी, आणि रेतन नैसर्गिकच हवं, कृत्रिम रेतनाचं शिंगरू चालत नाही. तुमच्या शिंगराची आई मारवाडी आहे, म्हणजे बाप खरोखर रेसचा असला तरी प्रश्न तिथंच मिटतो. रेसमधून निवृत्त झालेले घोडे खेड्यापाड्यांत येतात, त्यांच्यापासून घोड्या भरवल्या जातात, तेव्हा विकणाऱ्याचं बोलणं खरंही असेल. पण कागद नसताना 'रेसचं रक्त' या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजले असतील, तर पुढच्या खरेदीला ते मोजू नका.

आता खरा मुद्दा. तुमच्याकडे दोन वर्षांच्या आसपासचं, अंगात वेग असलेलं जनावर आहे. वेग जन्मानं येतो. स्नायूंच्या वाढीशी संबंधित मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा एक प्रकार कमी पल्ल्याच्या घोड्यांत जास्त सापडतो, दुसरा लांब पल्ल्याच्या घोड्यांत, हे २०१० च्या संशोधनात दिसून आलं. मालकाच्या हातात राहतं ते एवढंच, की हा वेग ज्या चार पायांवर उभा आहे ते पाय किती वर्षं टिकवायचे. अजिंक्य घोड्यांच्या कारकिर्दीकडे मी याच नजरेनं पाहतो. विजय मोजण्याआधी दोन शर्यतींमधलं अंतर मोजतो.

ब्लॅक कॅव्हिअरच्याच तारखा बघा. जन्म ऑगस्ट २००६. प्रशिक्षक पीटर मूडी यांनी २००८ मध्ये मेलबर्नच्या लिलावात ती २ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतली. पहिली शर्यत एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे अडीच वर्षं उलटून गेल्यावर. शेवटची एप्रिल २०१३ मध्ये. चार वर्षांत २५ शर्यती, म्हणजे सरासरी वर्षाला सहा. सगळ्या १००० ते १४०० मीटरच्या. १४०० च्या पुढं तिला कधी नेलंच नाही. आणि मधल्या काळात काय झालं तेही बघा. २०१० च्या जानेवारीत ती धावली, जिंकली, पण पाय दुखावला. नंतर थेट ऑक्टोबरमध्ये उतरली. तोपर्यंत तिचं नाव झालं होतं, लोक वाट बघत होते, बक्षिसं समोर होती, तरी जवळजवळ नऊ महिने घोडी शर्यतीबाहेर ठेवली. पुढचे वीस विजय त्या नऊ महिन्यांतून आले असं मी मानतो. आपल्याकडे जत्रेत एकदा जिंकलेला घोडा पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गावी ट्रकमध्ये चढलेला असतो.

तिची जून २०१२ ची इंग्लंडमधली शर्यत आजही मी नव्या मालकांना दाखवतो. रॉयल ॲस्कॉट, १२०० मीटर सरळ धाव, शेवटी चढ. ऑस्ट्रेलियाहून लांबचा विमानप्रवास करून आलेली घोडी. पुढं निघाली, आणि आता जिंकलीच असं वाटून जॉकी ल्यूक नोलन यांनी शेवटच्या काही ढांगांत हात सैल सोडले. घोडीचा वेग एकदम पडला, मागून मूनलाइट क्लाउड ही फ्रेंच घोडी आली, आणि ब्लॅक कॅव्हिअर जेमतेम डोक्याच्या अंतरानं वाचली. सगळी चर्चा जॉकीवर झाली. नंतर तपासणीत कळलं, की तिच्या मागच्या मांडीचा स्नायू फाटला होता आणि कमरेजवळही इजा होती. पडद्यावर बघताना डोळे बहुतेकांचे जॉकीच्या हातांवर असतात. तुम्ही तिच्या मागच्या पायांकडे बघा. जो घोडा दुखणं अंगावर घेऊन पळतो तो ते सांगत नाही, आपल्याला ओळखावं लागतं. त्यानंतर ती परतली फेब्रुवारी २०१३ मध्ये, आठ महिन्यांनी, आणि आणखी तीन शर्यती जिंकून थांबली. निवृत्तीच्या वेळी पाय तिला सांभाळत होते. बाद होऊन काढावी लागलेली घोडी नव्हती ती.

तुमच्या परिस्थितीला जास्त जवळचा घोडा मात्र दुसराच आहे, टेकओव्हर टार्गेट. जो जानियाक नावाच्या टॅक्सी चालवणाऱ्या गृहस्थानं तो अवघ्या १,३७५ ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतला. गुडघे खराब, कुणाला नको असलेला घोडा. पहिली शर्यत वयाच्या चौथ्या वर्षानंतर. याच घोड्यानं २००६ मध्ये रॉयल ॲस्कॉटला किंग्ज स्टँड स्टेक्स जिंकली, त्याच वर्षी जपानमध्ये स्प्रिंटर्स स्टेक्स जिंकली, आणि २००९ मध्ये, बरोबरीचे घोडे कधीच निवृत्त झालेले असताना, सिडनीत टी. जे. स्मिथ स्टेक्स जिंकली. उशिरा सुरुवात केल्यानं वेग वाया जातो ही आपल्याकडची समजूत या एका घोड्यानं खोटी ठरवली. त्याच्या मालकाकडे पैसा नव्हता, वाट बघण्याची तयारी होती.

तिसरा हाँगकाँगचा सायलेंट विटनेस. पहिल्या १७ शर्यती सलग जिंकल्या, सगळ्या कमी पल्ल्याच्या. २००५ मध्ये त्याला १६०० मीटरला उतरवलं आणि तिथं तो पहिल्यांदा हरला. अगदी थोडक्यात हरला, पण हरला. त्याच्यात काही कमी नव्हतं, पल्ला त्याचा नव्हता.

हा पल्ल्याचा मुद्दा समजून घ्या, कारण जत्रेच्या शर्यतीत अंतर कुणी नीट मोजत नाही. घोडा पूर्ण वेग फार थोडं अंतर टिकवू शकतो, चारशे-पाचशे मीटर धरा. १२०० मीटरच्या शर्यतीत शेवटी एखादा घोडा झेप घेऊन पुढं जाताना दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा वेग वाढलेला नसतो. सगळेच मंदावत असतात, तो कमी मंदावतो. म्हणून कमी पल्ल्याच्या घोड्याला एका दमात दोन-तीन किलोमीटर पळवून 'दम वाढवणं' चुकीचं आहे. भरधाव पळताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, ढांगेची लय बिघडली की श्वासही बिघडतो. थकलेला घोडा पाय वेडावाकडा टाकायला लागतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती तिथंच झाल्यात, शेवटच्या टप्प्यात, दम संपल्यावर.

आता पायांकडे येऊ. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतोच. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारे पट्टे) आणि त्यावर कातडी. साडेतीनशे-चारशे किलोचं अंग भरधाव असताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर येतं, आणि त्या पायावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पडतो. दोन वर्षांच्या शिंगराच्या गुडघ्यावरची वाढीची चकती, म्हणजे हाड जिथून लांब होतं ती जागा, अजून पूर्ण बंद झालेली नसते, ती अडीच वर्षांच्या आसपास बंद होते. नळीचं, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड भार पडेल तसं स्वतःला जाड करत जातं, पण त्याला वेळ लागतो. आखाड्यात नव्या पोराला पहिल्याच महिन्यात तयार मल्लाशी जोडीला सोडत नाहीत, तसंच हे. भार हळूहळू वाढवला तर हाड मजबूत होतं, एकदम टाकला तर नळीच्या पुढच्या बाजूला सूज आणि दुखणं येतं. रेसच्या तबेल्यांत दोन वर्षांच्या शिंगरांत हे नेहमी दिसतं, आणि तिथं लगेच काम थांबवतात. गावाकडे हळद-चुना लावून दुसऱ्या दिवशी पळवतात.

कंडऱ्याचं तर त्याहून कठीण. नळीच्या मागच्या बाजूची कंडरा एकदा फाटली की भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचिक राहत नाही. म्हणून मी ज्या कुणाचा घोडा बघतो त्याला रोज सकाळचा एक नेम सांगतो. घोडा बाहेर काढण्याआधी, खरारा करण्याआधी, थंड असताना, खाली बसून दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून अंगठा आणि दोन बोटं वरून खाली फिरवायची. कंडरा दोरीसारखी घट्ट, कडा स्पष्ट लागली पाहिजे. एका पायाला जरा जास्त ऊब, कडा जराशी फुगीर, किंवा बोट दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो, यातलं एक जरी असलं तर त्या दिवशी काम बंद. घोडा लंगडत नसला तरी बंद. लंगडायला लागतो तेव्हा आठ-दहा दिवस आधीच उशीर झालेला असतो. दोन्ही पाय रोज चाचपले म्हणजे नेहमीचं काय आणि वेगळं काय हे बोटांना कळायला लागतं. हे काम मोतद्दारावर, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या गड्यावर, सोडू नका, स्वतः करा.

मग तुमच्या शिंगराचं वेळापत्रक काय? आधी वय पक्कं करा. विकणाऱ्यानं सांगितलेले महिने धरू नका, दात बघा. पुढचे मधले दोन दुधाचे दात पडून पक्के दात येतात ते अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. तोंडात अजून सगळे दुधाचेच दात असतील तर शिंगरू अडीचच्या आतलं आहे. मधले दोन पक्के दात येईपर्यंत पाठीवर माणूस बसवून पळवायचं नाही. लगामाची, खोगिराची सवय, हातात धरून चालवणं, खूर उचलून देणं, ट्रकमध्ये शांतपणे चढणं, हे आता शिकवा. लांब दोरीवर गोल फिरवणं थोडक्यात आणि मोठ्या वर्तुळात, लहान वर्तुळात सांधे पिळले जातात. अडीचनंतर हलका स्वार, चाल आणि दुडकी, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. तीन वर्षांनंतर छोट्या भरधाव धावा, दोनशे-तीनशे मीटरच्या, आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी. शर्यत साडेतीन-चारनंतर. तीही ज्या ठिकाणी जमीन बघितलीय, अंतर माहीत आहे आणि स्पर्धेला परवानगी आहे, अशाच ठिकाणी. यात जात, अंगकाठी, आधी झालेलं दुखणं यांवरून महिन्यांचा फरक पडू शकतो. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी यापेक्षा बारीक सांगू शकणार नाही.

मोटरसायकलबरोबर पळवणं आजपासून बंद करा. डांबरी रस्त्यावर दोन वर्षांच्या पायांना बसणारा हादरा हे पहिलं कारण. दुसरं, घोडा घाबरून पळतो तेव्हा तो पूर्ण वेग लावतो, आणि तुम्हाला तो खूश होऊन पळतोय असं वाटतं. आपल्या काळ्या जमिनीचंही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात खूर अडकतो. पावसात चिकटते, पाय ओढून काढताना कंडऱ्यावर ताण येतो. नदीकाठची वाळू चांगली, पण पाण्याजवळची ओली, दबलेली पट्टी. कोरड्या खोल वाळूत लांब काम दिलं की कंडरा दुखावतात. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा ४२-४४ ला गेला की काम सूर्य उगवायच्या आत संपवायचं. नाडी बघायला शिका. खालच्या जबड्याच्या कडेवर बोट ठेवलं की लागते. निवांत घोड्याची मिनिटाला ३० ते ४० असते, भरधाव धावेत २२० च्या वर जाते. काम संपून अर्धा तास झाला तरी ती ६०-६५ च्या खाली आली नसेल, तर काम जास्त झालं किंवा घोडा आजारी आहे.

चंदीबद्दल थोडक्यात. आपली दादर ज्वारीची कडबा-कुट्टी आणि लसूणघास हा पाया चांगला आहे. हरभरा, ओट द्या, पण कामाच्या मानानं, आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की मांड्या दगडासारख्या कडक होऊन जागीच थांबतो, लघवी तांबडी-काळी होते. हे मी आपल्या भागात सणानंतर हमखास बघतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून जास्त धान्य पोटात गेलं की पोटशूळ तरी होतो, नाहीतर खुराच्या आतला दाह. ब्लॅक कॅव्हिअरला ऑगस्ट २०२४ मध्ये, अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, याच खुराच्या आजारामुळे दयामरण द्यावं लागलं. तिच्या आजाराची कारणं वेगळी होती, पण हे दुखणं जगातल्या उत्तम डॉक्टरांच्या हातूनही सुटतं, एवढं ध्यानात ठेवा.

पावसाळा संपताना घोडा अचानक मंदावला, थांबून थांबून ताप येतोय, पोटाखाली किंवा पायांना सूज आली, तर 'नजर लागली' म्हणून बसू नका. रक्त तपासून घ्या. चावणाऱ्या माशांपासून होणारा सर्रा असू शकतो, आणि वेळेत औषध मिळालं तर घोडा वाचतो. धनुर्वाताची लस चुकवू नका. बाजारात नेण्याआधी ग्लँडर्स या संसर्गजन्य आजाराची तपासणी करून घ्या, तो माणसालाही होतो.

एका गोष्टीवर मला रागानं बोलावं लागतं, कारण त्यातून मी घोडे मेलेले पाहिलेत. शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शन देऊन घोडा उतरवणं. दुखणं जातं, दुखापत तशीच राहते, आणि घोडा फाटलेल्या कंडऱ्यावर, चिरलेल्या हाडावर पूर्ण भार टाकतो. मोठ्या रेसकोर्सवर धावल्यानंतर नमुने घेऊन तपासतात, सापडलं तर कारवाई होते. जत्रेत तपासणारं कुणी नसतं, म्हणून ही जबाबदारी मालकाचीच. कुणी 'ताकदीची सुई' म्हणून काही टोचायला आला, तर कुपीवरचं नाव वाचल्याशिवाय हात लावू देऊ नका.

तुमचं ठरवणं मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, शिंगरू नर ठेवायचं की खच्ची करायचं. टेकओव्हर टार्गेट आणि सायलेंट विटनेस, दोघंही खच्ची केलेले होते. शांत राहतात, खाणं लागतं, घोड्यांमध्ये उभे करता येतात, वर्षानुवर्षं पळतात. घोड्या भरवून उत्पन्न मिळेल अशी आशा असेल तर आधी विचारा, की कागद नसलेल्या, चाल आणि उंची कुणी पारखली नसलेल्या मिश्र घोड्याकडे घोडी आणणार कोण? माझं मत खच्ची करण्याकडे आहे. दुसरी, तुम्हाला नेमकं काय हवंय. सारंगखेड्याच्या बाजारात भाव चाल, उंची, कान आणि रंगाला मिळतो, वेगाला त्या मानानं कमी. शर्यतीच्या बक्षिसांवर घोड्याचा वर्षाचा खर्च निघालेला मी आपल्या भागात क्वचितच पाहिलाय. हौस म्हणून, जिवापाड सांभाळायचा म्हणून ठेवणार असाल तर मी सोबत आहे. उधारी काढून शर्यतीवर लावणार असाल, तर आताच चांगल्या घरी विकून टाका.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी लागतील. ओठ वर करून काढलेला पुढच्या दातांचा स्वच्छ फोटो, दोन्ही पुढचे पाय गुडघ्यापासून खाली समोरून आणि बाजूनं, आणि कडक सपाट जमिनीवर सैल दोरीनं दुडकी चालवतानाचा व्हिडिओ, तोंडाकडून येताना आणि शेपटीकडून जाताना दोन्ही. व्हिडिओचा आवाज बंद करू नका, टापांची लय ऐकायची आहे. हे बघेपर्यंत शिंगराला फक्त हातात धरून चालवा.